भाऊंचं तळघर

"नाक मोकळं हाय का?"

'राम राम' नाही, 'चहा झाला का?' नाही. जिना उतरून येणाऱ्या माणसाला भाऊ आधी हेच विचारत. मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी डबा घेऊन ड्यूटीवर निघालो होतो. माझ्या शिंका यांना खाली ऐकू जातात की काय, असं वाटून मी जरा ओशाळलो आणि म्हटलं, मोकळं आहे. त्यासरशी त्यांनी माझं मनगट धरलं, तळघराच्या पायऱ्या उतरवून मला खाली नेलं, दिवा लावला आणि म्हणाले, "डोळे मिटा जी. आता सांगा. वास येऊन राह्यला का?"

वास येत होता. नुसता येत नव्हता, डोळ्यांत शिरत होता. पिकावर फवारायच्या औषधाचा तो वास. ज्यांनी एकदा घेतला आहे त्यांना वर्णन करून सांगायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. मी खोकत खोकत वर आलो. भाऊ मागोमाग आले. चेहरा उतरला होता, तरी त्यांनी माझे आभार मानले. बाकीचे लोक मन राखायला 'नाही' म्हणतात, तुम्ही खरं सांगितलं, असं म्हणाले. त्या दिवसापासून त्या घरात माझी नेमणूक झाली. मी भाडेकरू नंतर, नाक आधी.

मी तेव्हा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. बदली होऊन पांढरकवड्याला आलो होतो आणि बायको-मुलं शाळेपायी यवतमाळलाच राहिली होती. भाऊंच्या घरावरची एक खोली मी भाड्यानं घेतली. रस्त्याच्या अंगाला दुकानाचा गाळा, गाळ्यामागे त्यांच्या दोन खोल्या, वर मी, आणि सगळ्यांच्या खाली ते तळघर. दुकान पूर्वी कृषी केंद्राचं होतं. बियाणं, खतं, औषधं. कापसाला बरे दिवस होते तेव्हा भाऊंनी मोठ्या हौसेनं तळघर बांधून घेतलं होतं. चारी बाजूंनी काँक्रीट, वर स्लॅब, हवेला छताजवळ दोन झरोके. आमच्या बाजारात तळघर असलेलं दुसरं दुकान नव्हतं, आणि लोक बियाणं घ्यायला येत ते आधी खाली जाऊन तळघर बघून येत, म्हणे. मी आलो तोवर ते दिवस सरले होते. भाऊंनी धंदा बंद करून गाळा एका मोबाइलवाल्याला दिला होता. का बंद केला हे मी विचारलं नाही. त्या वर्षांत आमच्या भागात कोणी काही बंद केलं की कारण विचारायची रीत राहिली नव्हती.

तुम्हाला ती वर्षं पेपरातून आठवत असतील. मला ती बसस्टँडवरून आठवतात. कापसाच्या हंगामात ज्या गाड्या माणसांनी फुगून यायच्या त्या अर्ध्या रिकाम्या येऊ लागल्या होत्या. उलट गळ्यात कॅमेरे अडकवलेली लांबची माणसं माझ्या खिडकीशी येऊन विचारायची, अमुक गावाला जायला गाडी कोणती? मी गाडी सांगायचो. त्या गावात ते कोणत्या घरी निघालेत हे विचारायची गरज नसायची. माझं काम गाड्या वेळेवर सोडायचं, ते मी करत होतो. झरी जामणीकडची संध्याकाळची गाडी लावली की मी खिडकी बंद करून खोलीवर यायचो, आणि जिन्याखाली भाऊ उभे असायचे.

उंच, किंचित वाकलेला माणूस. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशाला पेन. लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण पेन होता. बायको वारून काही वर्षं झाली होती, मुलगी नागपूरला सासरी. ती सणावाराला बोलवायची, पण हे जात नसत. तळघराचं काम पडलंय, म्हणायचे.

काम काय, तर त्या तळघराची त्यांना बायांसाठी शिवणकामाची जागा करायची होती. आसपासच्या खेड्यांतल्या बाया कापडाच्या दुकानांची कामं घ्यायला गावात येत. परकर, शाळेचे गणवेश, पिशव्या. कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन गावी जायचं, विजेची वाट बघत शिवायचं, की परत गठ्ठा घेऊन यायचं. गावातच बसायला जागा असली तर सकाळच्या गाडीनं येतील, संध्याकाळच्या गाडीनं मोकळ्या हातांनी परत जातील, असा भाऊंचा हिशेब. खाली गारवा होता, मोकळी जागा होती, पाच-सहा मशिनी सहज बसल्या असत्या. नडत होता तो एकटा वास.

एवढा हात धुवून वासाच्या मागे लागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोखंडी रॅक त्यांनी भंगारात दिले. कोबा सोड्यानं धुतला, साबणानं धुतला, फिनेलनं धुतला. भिंतींना चुना दिला. आमची जमीन काळी, पावसाळ्यात ती फुगली की तळघराच्या भिंतींना घाम येई आणि चुन्याचे पापुद्रे खाली पडत. भाऊ ते खरवडून पुन्हा चुना लावत. एका कोपऱ्यात कधीकाळी डबा फुटून औषध मुरलं होतं, तिथला कोबा त्यांनी छिन्नीनं फोडून काढला आणि नवा केला. कोळशाच्या टोपल्या ठेवल्या. कापलेले कांदे ठेवले. एकदा कडुनिंबाच्या पाल्याचा असा धूर केला की झरोक्यातून निघालेला लोट बघून मोबाइलवाला गिऱ्हाइकासकट रस्त्यावर पळाला. दर उपायानंतर मला बोलावणं यायचं. मी डोळे मिटून उभा राहायचो आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

एकदा मात्र माझं डोकं फिरलं. श्रावणात मी चार दिवस यवतमाळला जाऊन आलो, तर हे महाशय गुडघ्यांवर बसून तळघराची फरशी शेणानं सारवून मोकळे झालेले. भाऊ मूळ झरीकडच्या खेड्यातले. तिकडे नव्या जागेत पाऊल टाकायचं तर आधी सारवायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. सारवण सुरेख झालं होतं, बोटांच्या कमानी एकीला एक लागून उमटल्या होत्या, आणि मी तसं म्हणालोही. पण माती शेण पिते, काँक्रीट पीत नाही. त्यात वर ऊन नाही, वारा नाही. ते वाळलंच नाही. आठवड्यात त्यावर पांढरी बुरशी धरली, आणि नाकाच्या कामगिरीवर उतरलेला मी तिच्यावरून घसरून सपशेल आडवा झालो. वर माझ्या खोलीत गोठ्याचा आणि औषधाचा असा मिळून जो वास भरला तो पंधरवडाभर हलला नाही. मी चिडून म्हणालो, मी खोली सोडतो. भाऊ खुरपं घेऊन शेण खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, "बिनासारवल्या जागी बाईमानूस बसन का जी?"

खोली मी सोडली नाही. कंबर मात्र दिवाळीपर्यंत दुखत होती.

माझ्या नाकावर त्यांचा पुरता भरवसा होता अशातला भाग नाही. येईल जाईल त्याला ते खाली नेत. प्रत्येकाला वेगळाच वास यायचा. नळ दुरुस्त करणाऱ्याला ओलीचा आला, दूधवाल्याला उंदराचा आला. मग समोरच्या चहावाल्याची सून गरोदर असल्याचं त्यांच्या कानावर आलं. गरोदर बाईच्या नाकासारखं नाक नाही, असं त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. सासूची रीतसर परवानगी घेऊन ते तिला घेऊन आले. ती बिचारी दुसऱ्या पायरीवरूनच तोंडावर पदर धरून परत फिरली. भाऊ खूश. "हे खरं नाक," म्हणाले. त्यानंतर दर आठवड्याला तिची परीक्षा. ती एकेक पायरी जास्त उतरू लागली तसतसे भाऊ तिच्यासाठी आवळे, चिंचा, काय काय आणून देऊ लागले. तिला मुलगा झाला, सगळ्या आळीला पेढे मिळाले. भाऊंनी पेढा घेतला, बाळाच्या हातावर काहीतरी ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले की आता ते नाक गेलं.

मी हसलो. तुम्हीही हसला असता. हा माणूस स्वतःचं नाक का वापरत नाही, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

एका संध्याकाळी मी गाडी लावून आलो तर जिन्यातच जळकट वास. धावत त्यांच्या खोलीत गेलो. स्टोव्हवर तुरीचं वरण जळून कोळसा झालं होतं, खोलीत निळा धूर होता, आणि भाऊ त्या पातेल्यापासून दोन हातांवर बसून निवांत पेपर वाचत होते. मी स्टोव्ह बंद केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं. लहान मुलाची चोरी पकडली जावी तसं त्यांचं तोंड झालं.

आता इथे त्यांच्या दुकानाची एक रीत सांगायला हवी. ती मी चहाच्या टपरीवर थट्टेनं सांगितलेली ऐकली होती. औषधाची बाटली देण्याआधी भाऊ काउंटरवरून पुढे वाकत, 'हं, बोल' म्हणत आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाचा वास घेत. प्यालेल्या माणसाच्या हातात ते बाटली देत नसत. मग तो कितीही ओळखीचा असो, ओरडो, दुसऱ्या दुकानात जायची धमकी देवो. सकाळी ये, म्हणत. सकाळी तोच माणूस खाली मान घालून यायचा, नाहीतर यायचाच नाही. पंचक्रोशीतल्या बायांना ही रीत ठाऊक होती. घरधनी त्या दुकानात गेला म्हटलं की त्यांना घोर कमी असायचा.

त्या संध्याकाळी जळकं पातेलं घासता घासता भाऊ आपणहून बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"नाक कधी गेलं, मलेच समजलं नाई. जिंदगी त्या बाटल्यातच गेली. हळूहळू गेलं, संगं जिभेची चवबी गेली. मी कोनाले सांगतलं नाई. लोकाईनं म्हटलं असतं, भाऊले आता दुकान झेपत नाई. तसाच वाकत होतो, वास घेतल्यावानी करत होतो." मग पातेलं खाली ठेवलं. "पोळ्याच्या आधी एक जन आला. नेहमीचा गिऱ्हाईक. मी वाकलो. मले काही आलं नाई. मी बाटली देल्ली. मागून समजलं, सकाळपासून पेत होता."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मी पातेल्यात पाणी ओतलं. थोड्या वेळानं त्यांनी त्या माणसाच्या बायकोचं नाव घेतलं. शोभाबाई. केळापूरच्या पुढच्या फाट्यावर उतरून चालत जावं लागतं असल्या एका खेड्यातली. शिवण करते. ती एकदा खाली मशीनवर बसली की माझी जागा तयार झाली, असं भाऊ म्हणाले.

मी तिला ओळखत होतो. स्टँडवरच्या बाकावर कापडाचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसणारी, चाळिशीच्या आतली, कमी बोलणारी बाई. गाडी लेट असली तर बाकीचे माझ्याशी भांडायला येत, ती येत नसे. भाऊंच्या आग्रहावरून मीच तिला जागेचं विचारलं. कोणाची जागा, हेही सांगितलं. तिनं गठ्ठ्याची गाठ सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाली, सोमवारी बघायला येतो. आमच्याकडे बायाही येतो-जातोच म्हणतात.

सोमवारपर्यंत भाऊंनी जिवाचं रान केलं. भिंतींना पुन्हा चुना दिला, नवी ट्यूबलाइट लावली, माठ आणला, त्यावर नवं झाकण. एक जुनी मशीन विकत घेऊन, तेलपाणी करून झरोक्याखाली मांडली. समोरच्या भिंतीवर एक खिळा ठोकला आणि तो रिकामाच ठेवला. कोणता फोटो लावायचा ते बसणाऱ्या बायांनी ठरवावं, म्हणाले. मी खाली जाऊन वास घेतला. दार उघडल्या उघडल्या किंचित काहीतरी येत होतं आणि मग तेही येईनासं होत होतं. मी मनापासून सांगितलं, पास. भाऊंनी धुतलेला सदरा घातला.

शोभाबाई आली. भाऊ पुढे, ती मागे, तिच्या मागे मी. शेवटच्या पायरीवर ती थांबली. तिथूनच तिनं मशीन बघितली, माठ बघितला. हात भिंतीला टेकला होता. मग वळली, माझ्या अंगाला घासून वर गेली आणि मागच्या अंगणात नळाखाली तिनं तोंड धुतलं. आम्ही दोघं तिच्यामागे जाऊन उभे राहिलो. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "भाऊ, जागा चांगली हाय. पन हा वास माह्या घरात महिनाभर होता. मी खाली नाई बसू शकत. वर कुठीबी द्या, वर बसतो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर भाऊंना सोपं गेलं असतं असं मला अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आलो तर भाऊंच्या पुढच्या खोलीतली खाट, पेटी, बायकोचा फोटो, सगळं आतल्या खोलीत गेलं होतं आणि मशीन खालून वर आली होती. महिन्याभरात आणखी तीन बाया आल्या. दिवसभर बायांचं जाणं-येणं, त्यांचं बोलणं, मध्येच एखादीचं पोर. आपण पुरुषमाणसानं घरात बसून राहणं भाऊंना बरं दिसेना. ते सकाळीच उठून खाली जाऊन बसू लागले. तिथे वास असो नसो, त्यांना कुठे येत होता? दुसऱ्यांना बसवायला एवढी खटपट करून तयार केलेल्या त्या जागेत बसण्यासारखा माणूस शेवटी तेच निघाले.

नुसते किती बसणार? कापड बेतून द्यायचं काम त्यांनी मागून घेतलं. शोभाबाई वरच्या पायरीवर बसून शिकवायची आणि भाऊ खाली उभे राहून कापड वर धरून दाखवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी एका पोराच्या हाफपँटचे दोन्ही पाय डावे कापले. तेव्हा सगळ्या बाया हसल्या, शोभाबाईसुद्धा. पुढे हात बसला. कापलेल्या कापडाचा गठ्ठा घेऊन ते वर यायचे, सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवायचे, खाकरायचे आणि खाली जायचे. बाया तो गठ्ठा उचलून आधी अंगणात नेत, दोरीवर उन्हात घालत, आणि मग शिवायला घेत. तळघराचा वास कापडाला लागतो म्हणून. भाऊंनी ते पाहिलं होतं. त्यांनीच दुसरी दोरी बांधून दिली.

दुपारी बाया डबे सोडत तेव्हा एक ताट पायरीवर ठेवलं जाई. रिकामं ताट धुवून वर येई, आणि भाऊ दर वेळी म्हणत, मस्त झालतं. एकदा एकीच्या भाजीत मीठच नव्हतं. तरी मस्त झालतं. बायांनी पदरात तोंडं लपवली. शोभाबाईनं पायरीवरून विचारलं, भाऊ, मीठ बराबर होतं का? खालून आवाज आला, एकदम बराबर. ती हसता हसता थांबली आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिली. त्या दिवशी सुट्टी म्हणून मी जिन्यात पेपर वाचत बसलो होतो. तिला काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही.

मशिनींचा आवाज माझ्या खोलीत यायचा आणि मला तो आवडायचा. घरात माणसं असल्यासारखं वाटायचं. पण संध्याकाळी बाया गाडीला गेल्या की भाऊ वर येत, स्टोव्हपाशी एकटे बसत, आणि मी वरून विचारलं की जेवलात का, तर हो म्हणत. ते आता मला नाकाचं विचारत नव्हते. खाली उतरायला सांगत नव्हते. मला वाटलं, बरं झालं, सुटलो. पण खरं सांगायचं तर मला त्या प्रश्नावाचून चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मग माझी उमरखेडला बदली झाली. निघताना भाऊ गाडीपर्यंत आले, माझी वळकटी टपावर नीट बांधली का ते स्वतः बघितलं. पत्रं लिहिणारा माणूस तो नव्हता, मीही नाही. काही वर्षं तशीच गेली. पांढरकवड्याचा एखादा ड्रायव्हर भेटला की मी चौकशी करायचो, आणि तो म्हणायचा, आहेत, खालीच असतात.

गेल्याचंही एका ड्रायव्हरकडूनच कळलं. मी रजा टाकून गेलो तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं आणि मुलगी नागपूरला परतली होती. पुढच्या खोलीत मशिनी चालू होत्या. मला बघून शोभाबाई उठून अंगणात आली. केस पांढरे व्हायला लागले होते. तिनं सांगितलं ते एवढंच की दुपारी गठ्ठा वर आला नाही. बायांनी पायरीवरून हाका मारल्या. मग मोबाइलवाला खाली गेला. भाऊ खुर्चीत होते, मांडीवर कापड.

"मी काल खाली गेलतो," ती म्हणाली. "कापलेलं कापड आनाले. त्या सोमवारानंतर पहिल्यांदाच." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, तुमी जाऊन या बरं एकदा."

मी गेलो. दिवा लावला. जुनी सवय, डोळे मिटले. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास येत होता आणि थोडा चुन्याचा. दुसरं काही नाही. मी कोपऱ्यात गेलो, नव्या कोब्यापाशी वाकलो. तिथेही नाही.

वर आलो आणि तिला म्हटलं, कधी गेला हा वास? तिला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. खाली कोणी उतरत नव्हतं, आणि वर आलेलं कापड बाया उन्हात घालतच होत्या, वास आहे की नाही हे न बघता. गेल्या उन्हाळ्यात गेला असेल, नाहीतर त्याच्याही आधी. भाऊंना तो यायचाच नव्हता आणि जाऊन विचारावं असं कोणी राहिलं नव्हतं.

शोभाबाई अंगणातल्या दोरीला धरून उभी होती. म्हणाली, "मले किती वर्षं वाटे, भाऊनं वास घेऊन बी बाटली देल्ली. तेच समजे ना, की ह्या मानसानं देल्ली काहून. मंग त्या मिठाच्या दिवशी समजलं, चव नाई म्हनजे ह्याले नाकच नाई."

मी विचारलं, मग त्यांना तसं सांगितलं का नाही? मला कळलं, एवढं जरी म्हणाली असतीस.

"कसं सांगू जी? ते खाली, मी वर. रोज म्हनो, उद्या सांगू. सांगतलं असतं त वर येऊन बसले असते ते." तिनं पदर तोंडाला लावला. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

मग ती आत गेली, आपल्या मशीनवरचं अर्धवट काम काढून बाजूला ठेवलं आणि मला म्हणाली, "मशीन खाली न्यावं म्हनतो. तिकून धरता का?"

मशीनचे लोखंडी पाय जड होते. ती पुढे, उलट्या पावलांनी पायरी चाचपत उतरत होती आणि मी वरून भार पेलत होतो. बाकीच्या बाया दारात जमल्या, कोणी खाली आलं नाही. झरोक्याखाली मशीन टेकवली. भाऊंची खुर्ची तिथेच होती, शेजारी त्यांनी कापून ठेवलेल्या परकरांचा ढीग. खुर्चीला तिनं हात लावला नाही. स्टूल ओढून बसली, दोरा ओवला आणि ढिगातला वरचा परकर उचलला.

दारातून एक बाई नेहमीच्या सवयीनं दोन पायऱ्या उतरली आणि कापड उन्हात घालायला मागू लागली, हात पुढे करून.

"राहू दे," शोभाबाई म्हणाली. "तसाच शिवतो." आणि तिनं मशीनचं पायडल हलवलं.